हीथवरचा केशरी मॉथ, रांगतं विलो आणि मेंढ्यांचं काय करायचं?

रांगोळी_यॉर्क
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी यॉर्कला राहते. शहराच्या उत्तरेला दहाएक किलोमीटरवर स्ट्रेन्सॉल कॉमन म्हणून मोठा मोकळा माळ आहे, सुमारे ५७० हेक्टर. हीथ म्हणतात तसल्या जमिनीला. वाळूची, आंबट, निकस माती, त्यावर हीदरची गुडघाभर झुडपं, मधे मधे पाणथळ, कडेने बर्चची झाडं. बराचसा भाग लष्कराचा, गोळीबाराचा सराव चालतो, लाल झेंडा वर असला की आत जायचं नाही. एक छोटा तुकडा यॉर्कशायर वाइल्डलाइफ ट्रस्टकडे आहे.

तर या माळावर डार्क बॉर्डर्ड ब्यूटी नावाचा एक मॉथ (म्हणजे पतंग, फुलपाखरासारखा कीटक) राहतो. इंग्लंडमध्ये आता फक्त इथेच उरलाय. बाकी थोडा स्कॉटलंडमध्ये. माझ्या शेजारच्या आजी (वय ७४, माझ्यापेक्षा भराभर चालतात) त्याच्या मोजणीला जातात, यंदा जुलैत मलाही घेऊन गेल्या. नर पाहिला. पंख पसरून इंचभर, हापूसच्या फोडीसारखा केशरी आणि पंखांना जांभळट तपकिरी रुंद काठ. एका पानावर दोन मिनिटं बसला, मग हीदरवरून असा खाली खाली भिरभिरत गेला की नजर ठरेना.

त्याची अळी इंग्लंडमध्ये एकाच झुडपावर जगते, क्रीपिंग विलो. झाड कसलं, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत येणारं रांगतं विलो. पानाची खालची बाजू चंदेरी मऊ लवेची. आणि गोची अशी की या माळावर मेंढ्या चरतात, मेंढ्यांना ते विलो फार आवडतं. पण मेंढ्या नसतील तर बर्च माजतो आणि हीथच संपतो. आता काही ठिकाणी कुंपण घालून मेंढ्या बाहेर ठेवल्यात आणि आत विलो वाढू दिलंय. अजून कुंपणं घालावीत का यावर आमच्या गावात चहाच्या टेबलावर अक्षरशः भांडणं होतात. पुढच्या महिन्यात गावाची एक बैठक आहे, मला पण बोलायला सांगितलंय.

इथे माळरानं, सडे, गुरचराई जवळून बघितलेले बरेच जण आहेत. तुम्हाला काय वाटतं? मेंढ्या ठेवाव्यात की काढाव्यात?

टवाळ
मेंढ्या ठेवाव्यात. बिर्याणीचा प्रश्न सुटेल. मॉथची बिर्याणी होत नाही.

पानगळ
टवाळ, पहिलाच प्रतिसाद असा?

रांगोळीताई छान लिहिलंय. फोटो टाका की.

शेतकरी_वाशीम
ताई एक विचारू का, ही अळी चालताना पाठीची कमान करते का? तसं असेल तर आम्ही सोयाबीनवर जी उंटअळी मारायला फवारे मारतो तिचीच ही बहीण दिसतेय. तुम्ही तिकडे कुंपण घालून वाचवा, आम्ही इकडे पंप पाठीला लावून मारतो, देवाच्या दरबारी हिशेब जुळेल :)

निशाचर
वाशीमचे दादा, बहीण नाही, लांबची नातेवाईक. हा मॉथ जिओमेट्रिडी कुळातला. या कुळातल्या अळ्यांना पोटाखालचे मऊ पाय बहुतेक करून शेवटच्या टोकालाच दोन जोड्या असतात, मधल्या भागाला पायच नाहीत, म्हणून पुढचे पाय रोवायचे आणि मागचा भाग ओढून पुढच्याला चिकटवायचा, त्यात कमान होते. सोयाबीनवरची उंटअळी नॉक्टुइडी कुळातली, तिला मऊ पाय थोडे जास्त असतात म्हणून कमानही अर्धवट. पुढच्या वेळी फवारायच्या आधी एक उचलून पाय मोजा, मजा येते.

मी इनव्हरनेसला असतो आणि स्कॉटलंडमधला डार्क बॉर्डर्ड ब्यूटी बघितलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर्षाचं गणित असं. मादी जुलै-ऑगस्टमध्ये झुडपावर अंडी घालते. अख्खा हिवाळा अंड्यातच जातो. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने हा प्राणी म्हणजे काटकीवर चिकटलेला एक ठिपका असतो. मे महिन्याच्या आसपास पालवी फुटली की अळी बाहेर येते, जूनमध्ये कोष, मग पंख. पंख फुटल्यावर आयुष्य थोडक्या दिवसांचं. मादी नरापेक्षा फिकट पिवळी आणि अंगाने जड, ती फारशी उडतच नाही. नर उडतात ते मुख्यतः सूर्योदयानंतर. त्यामुळे इतर मॉथसारखा रात्री दिवा लावून ट्रॅपमध्ये पकडायचा म्हटलं तर फार हाती लागत नाही, पहाटे उठून चालावं लागतं.

आता मेंढ्यांचा मुद्दा याच गणितातून बघा. मेंढी जेव्हा विलोची कोवळी काटकी ओरबाडते तेव्हा ती नुसतं पान खात नाही, थंडीत त्या काटकीवर अंडी असतात, वसंतात अळी असते. चरून गेल्यावर विलो मरत नाही, बुंध्यातून परत फुटतं, लांबून बघणारा म्हणतो विलो आहे की भरपूर. विलो आहे, पण त्यावर मॉथ नाही.

रांगोळी_यॉर्क
निशाचर, हे जबरदस्त आहे. "विलो आहे पण मॉथ नाही" हेच आमच्याकडे लोकांना पटत नाही, ते म्हणतात झुडूप तर सगळीकडे दिसतंय.

पहाटेचं म्हणाल तर जुलैत इथे पावणेपाचच्या सुमारास उजाडतं. मोजणी म्हणजे ठरलेल्या वाटेने हळूहळू चालायचं, काठीने झुडपं अलगद हलवायची, काय उडतं ते बघायचं, वहीत टिपायचं. पँट मोज्यात खोचायची कारण गोचिडी. आजींनी पहिला धडा मॉथचा नाही, गोचीड कशी काढायची त्याचा दिला.

@पानगळ, फोटोत केशरी ठिपका आणि माझं बोट एवढंच आलंय, टाकत नाही.

पेठेतला
मी जरा उलटा सूर लावतो, राग मानू नये.

हा मॉथ जगातून नामशेष होतोय का? नाही. उत्तर युरोपात आहे, रशियात आहे, पार सायबेरियापर्यंत आहे. मग इंग्लंडमधल्या एका माळावर शे-दोनशे शिल्लक आहेत म्हणून कुंपणं, स्वयंसेवक, बैठका, कशासाठी? ब्रिटनमध्ये मॉथच्या अडीच हजार जाती आहेत म्हणे. एक गेली तर माळाला तरी कळणार आहे का? हा सगळा सुखवस्तू देशांचा छंद आहे. आपल्याकडे माळढोक संपत आला तिकडे बघा आधी.

पानगळ
पेठेतले काका, माळढोकासाठी तुम्ही काय केलंत ते पण लिहा म्हणजे आम्हाला शिकता येईल.

पेठेतला
मी टॅक्स भरतो.

टवाळ
हहपुवा

शेरलॉकवहिनी
पेठेतले, मुद्दा चुकीचा नाही पण अपुरा आहे. मी इंग्लंडमध्ये प्लॅनिंगच्या कामात आहे (यॉर्कमध्ये नाही) म्हणून कागदोपत्री बाजू सांगते.

स्ट्रेन्सॉलला जे मोठं युरोपीय दर्जाचं संरक्षण आहे ते मॉथसाठी नाहीच. ते हीथसाठी आहे, ओला हीथ आणि कोरडा हीथ या दोन अधिवासांसाठी. तिथली लष्करी छावणी बंद करायचं २०१६ मध्ये जाहीर झालं आणि त्या जागेवर पाचशेच्या वर घरं बांधायचा प्रस्ताव शहराच्या आराखड्यात आला. नंतर तो आराखड्यातून काढावा लागला, कारण माळाला लागून एवढी घरं म्हणजे रोज कुत्री फिरवणारी माणसं, कुत्री मेंढ्यांच्या मागे लागणार, मेंढपाळ वैतागून मेंढ्या काढून घेणार, मेंढ्या गेल्या की हीथ जाणार. म्हणजे गंमत बघा, सरकारी कागदावर मेंढी ही त्या माळाची राखणदार आहे आणि मॉथच्या बाजूने बघितलं तर तीच शत्रू.

रांगोळी, तुझ्या गावात भांडणं का होतात ते यात आहे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

कातळ
हा धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा रत्नागिरीचा, वनस्पतीशास्त्र शिकलोय.

इंग्लंडचा हीथ आणि आपला सडा यांची तुलना लोक पटकन करतात पण एक मोठा फरक आहे. आपला जांभ्याचा सडा हा बऱ्याच अंशी नैसर्गिकच उघडा आहे, दगडावर माती इतकी पातळ की मोठं झाड धरतच नाही. हीथ तसा नाही. ती जमीन कधीकाळी जंगलाची होती. हजारो वर्षांपूर्वी, नवाश्मयुग-कांस्ययुगापासून माणसाने झाडं तोडली, गुरं चारली, जळणासाठी वरचा थर खरवडून नेला, आगी लावल्या, त्यातून मातीचा कस निघून गेला आणि हीदर पसरलं. म्हणजे हीथ हे गुरं आणि गरीब माणसं यांनी मिळून केलेलं काम आहे. ती माणसं कोळसा मिळाल्यावर, शहरात गेल्यावर माळावर यायची बंद झाली. काही जमीन नांगराखाली गेली, काहींवर पाइनची लागवड झाली, काहींवर गावं. इंग्लंडमध्ये १८०० साली जेवढा सखल हीथ होता त्यातला जेमतेम सहावा हिस्सा उरलाय. आणि तरीही जगातल्या अशा हीथचा सुमारे पाचवा भाग ब्रिटनमध्ये आहे.

त्यामुळे पेठेतले, रशियात मॉथ आहे हे खरं, पण हा विशिष्ट अधिवास राखायची जबाबदारी त्यांच्यावरच येते.

अजून एक कोणी बोललं नाही ते म्हणजे हवेतून पडणारं नायट्रोजन. गाड्यांचा धूर, शेणखताच्या खड्ड्यांतून निघणारा अमोनिया. हीदर वगैरे मंडळी निकस मातीवर जगायला शिकलेली आहेत. मातीत खत पडायला लागलं की गवत जोर धरतं, विशेषतः मोलिनिया नावाचं झुबकेदार गवत, ते हीदरलाही दाबतं आणि रांगत्या विलोलाही. मेंढ्या काढल्या की हे गवत आणि बर्च दोन्ही सुटतात.

रच्याकने, विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचा भाऊबंद. सह्याद्रीत ओढ्याकाठी वाळुंज असतो, त्याची पानं उलटी करून बघा, तीही खालून पांढुरकी असतात.

माळावरचा
सोलापूर जिल्हा. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं होती, आता नाहीत, मी पुण्यात आयटीत आहे.

मेंढरं ठेवावीत की काढावीत हा प्रश्नच माझ्या वडिलांना कळला नसता. मेंढरं एका जागी ठेवायचीच नसतात ओ. पाऊस पडला की एकीकडं, उन्हाळ्यात दुसरीकडं, माळ खाल्ला की उठायचं. माळाला सावरायला वेळ मिळतो. प्रॉब्लेम सुरू होतो तो कळप कुंपणात कोंडला की. तीच मेंढी, तोच माळ, पण बारा महिने तिथंच तोंड घालणार म्हटल्यावर तिला जे गोड लागतं ते झुडूप आधी संपणार. मेंढी मूर्ख नसते, निवडून खाते. गाय जीभ गुंडाळून खाते, तिला एवढी निवड जमत नाही. मेंढीचं तोंड लहान, ओठ चपळ, गवतातनं कोवळं पान बरोबर वेचून काढते.

म्हणून ताई बैठकीत एवढंच विचारा, की मेंढ्या किती यापेक्षा कुठल्या महिन्यात कुठल्या तुकड्यात.

आणि पडीक जमीन म्हणून आमच्या माळांवर मोहिमा काढून खड्डे खणून गिरिपुष्प लावलं त्याचं काय झालं ते वेगळ्या धाग्यावर लिहीन, इथं लिहिलं तर डोकं फिरेल.

पानगळ
माळावरचा, +१००. मेंढीच्या ओठाचं निरीक्षण कुठेच वाचलं नव्हतं.

निशाचर
माळावरचा यांनी नेमकं बोट ठेवलंय. स्कॉटलंडमध्येही अडचण तीच आहे, फक्त झुडूप वेगळं. इथे याच मॉथची अळी अ‍ॅस्पेनवर असते. अ‍ॅस्पेन हे उंच वाढणारं झाड, पण मॉथला मोठं झाड नको असतं, मुळांतून जमिनीवर जे धुमारे फुटतात ते लागतात, गुडघा-कंबरेइतके. स्पे नदीच्या खोऱ्यात आणि डी नदीकडे असे काही तुकडे आहेत. आता हरणं आणि मेंढ्या जास्त झाल्या तर धुमारे खाऊन टाकतात. पूर्ण बंदी केली तर धुमारे वाढून झाडं होतात, हाताबाहेर उंच जातात, मग मॉथला तेही निरुपयोगी. म्हणजे त्याला सतत लहानच राहणारं अ‍ॅस्पेन पाहिजे. कोणीतरी अधूनमधून खायला हवं पण सगळं नको, आणि त्याच साली त्याच जागी परत नको.

मादी उडत नाही हा यातला सगळ्यात वाईट भाग. एक तुकडा खलास झाला तर शेजारच्या तुकड्यातून मादी आपली आपण उठून येईल अशी आशा करण्यात अर्थ नाही. मधे पाचशे मीटरचं नुसतं गवत असलं तरी तिच्या दृष्टीने तो समुद्रच. नॉर्थंबरलंडमध्येही हा मॉथ पूर्वी होता, तिथून गेला. परत आलेला नाही.

कोसा_भंडारा
विषयांतर करू का थोडं? मॉथ म्हटलं की आमच्या भागात लोकांना टसर रेशमाचा मॉथच आठवतो. कोश्याची अळी ऐनाच्या झाडावर, अर्जुनावर सोडतात, भंडारा-गडचिरोली-चंद्रपूरकडे ढिवर समाजातली माणसं पिढ्यानपिढ्या हे काम करतात. झाडाखाली बसून गोफण घेऊन पाखरं हाकलायची, मुंग्या बघायच्या, एका झाडाचा पाला संपला की अळ्या अलगद फांदीसकट काढून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. आणि झाडं उंच वाढू देत नाहीत, छाटतात, कारण कोवळा पाला लागतो आणि हात पोचला पाहिजे. निशाचर यांनी "लहानच राहणारं अ‍ॅस्पेन" लिहिलं तेव्हा मला एकदम आमचे छाटलेले ऐन दिसले.

हीथवर टसरचा कोणी नातेवाईक असतो का?

निशाचर
असतो की! एम्परर मॉथ. टसरच्याच कुळातला, सॅटर्निडी, ब्रिटनमध्ये या कुळातला हा एकटाच स्थानिक. अळी हिरवीगार, काळे पट्टे, त्यावर पिवळ्या गाठी, हीदर खाते. चारही पंखांवर डोळे. नर एप्रिल-मेच्या उन्हात दिवसा सुसाट उडतो, मादी झुडपात बसून गंध सोडते आणि नर लांबून पिसासारख्या मिशांनी तो हुंगत येतात. कोष पण रेशमी, त्याला एका टोकाला अशी रचना असते की आतून बाहेर पडता येतं, बाहेरून आत शिरता येत नाही. मात्र तो दुर्मिळ नाही. हीदर, ब्रॅम्बल, हॉथॉर्न असं बरंच काही खातो म्हणून टिकलाय. आमचा केशरीवाला खाण्याच्या बाबतीत हट्टी, तिथे अडकला.

टवाळ
म्हणजे "मी फक्त आईच्या हातचंच खातो" वाले नामशेष होणार. घरी दाखवतो हा प्रतिसाद.

शेतकरी_वाशीम
निशाचर सर, पाय मोजले. मधे दोन जोड्या आणि शेवटी एक. पोरगं पण बघत बसलं अर्धा तास. फवारणी मात्र केली, सोयाबीन पण जगलं पाहिजे.

पेठेतला
मी अजून माझ्या मताला धरून आहे, पण एक विचारतो. समजा मेंढ्यांचं सगळं वेळापत्रक बसवलं, कुंपणं घातली, तरी मॉथ कमी होतच गेले तर? कारण पेपरात वाचलं की ब्रिटनमध्ये सगळेच मॉथ कमी होतायत. मग एका माळाच्या मेंढ्यांना कशाला बोल लावायचा?

निशाचर
चांगला प्रश्न. १९६८ पासून रोथॅमस्टेड या शेती संशोधन संस्थेचे दिव्याचे ट्रॅप देशभर चालू आहेत, रोज रात्री, तसेच. त्या आकड्यांवरून २०२१ साली अहवाल आला, पन्नास वर्षांत मोठ्या मॉथची एकूण संख्या ३३ टक्क्यांनी घटली. दक्षिणेत ३९, उत्तरेत २२. कारणं अनेक, शेती, शेतांच्या कडेची झुडपांची कुंपणं गेली, रसायनं, हवामान. दिव्यांचं पण आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांखालच्या झुडपांत अळ्या मोजल्या तर दिवा नसलेल्या जागेपेक्षा ४७ टक्के कमी निघाल्या, गवतात ३३ टक्के कमी.

पण हवामान तुम्ही-आम्ही गावच्या बैठकीत बदलू शकत नाही, मेंढ्यांचं वेळापत्रक बदलू शकतो. शिवाय संख्या एवढी कमी झाली की एखादा वाईट उन्हाळा, एखादी आग, आणि खेळ खलास. विलो जास्त ठिकाणी पसरलेलं असेल तर एका जागी आग लागली तरी दुसरीकडे काही वाचतं. माझ्या दृष्टीने कुंपणाचा खरा उपयोग हा.

कातळ
कासचं उदाहरण इथे सांगायलाच हवं. पठारावर कुंपण घातलं, गुरं थांबली, आणि मग गवत माजून फुलं कमी झाली म्हणणारे एकीकडे आणि कुंपण नसतं तर पर्यटकांनी सगळं तुडवलं असतं म्हणणारे एकीकडे. पुढे कुंपण काढायची वेळ आली. मला त्यातून दिसलं ते हे की गुरं आणि माणसं या दोघांसाठी एकच कुंपण वापरलं, आणि तिथे घोळ झाला. स्ट्रेन्सॉलला निदान माणसांचं काम लाल झेंडा करतोय :)

रांगोळी, बैठकीत एक गोष्ट नक्की मागा. कुंपणाच्या आत काय होतंय त्याची नोंद दरवर्षी, तीच वाट, तोच महिना. विलोची उंची किती, हीदर त्याच्या वर गेलं का, बर्चची रोपं किती. मॉथ मोजणं पुरेसं नाही. मॉथ कमी झालेला दिसेपर्यंत झुडपात दोन वर्षांपूर्वीच गडबड झालेली असते. आणि कुंपणाच्या आत बर्च उपटायला माणसं लागतील, मेंढी नसेल तर तिचं काम कोणीतरी करायला हवं ना.

शेरलॉकवहिनी
कातळ +१. आणि रांगोळी, जमीन लष्कराची, चराईचा हक्क मेंढपाळाचा, कायदेशीर जबाबदारी नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेची, राखीव तुकडा ट्रस्टचा. बैठकीत यातलं कोण कोण येणार आहे ते आधी विचारून घे. मेंढपाळ येणार नसेल तर बैठक वांझोटी. त्याला पहिल्या रांगेत बसव, चहा दे, आणि त्याच्या नुकसानीचं कोण बघणार ते आधी काढ. तुकडा बंद करायचा म्हणजे त्याचं गवत जातं.

माळावरचा
वहिनी एकदम बरोबर. आमच्या वडिलांना कोणी कधी बैठकीला बोलावलं नाही, नुसता बोर्ड लावला, चराईबंदी.

पानगळ
मला एक बाळबोध शंका. हा मॉथ ओळखायचा कसा? इथे लीड्सला आमच्या बागेत एक पिवळा-तपकिरी काठाचा मॉथ आला होता मागच्या वर्षी. तोच असेल तर मी पण प्रसिद्ध होईन.

निशाचर
पानगळ, लीड्सच्या बागेत आला असेल तर तो बहुतेक साधा बॉर्डर्ड ब्यूटी, याचा सख्खा भाऊ. तो मोठ्या विलोंवर, ओलसर झाडीत असतो, बऱ्यापैकी आढळतो. ओळख पंखाच्या टोकाशी. साध्या बॉर्डर्ड ब्यूटीचा गडद काठ टोकाकडे निमुळता होत जातो आणि बरोबर टोकालाच संपतो. डार्क बॉर्डर्डचा काठ टोकापाशी निमुळता होत नाही, टोकाच्या अलीकडेच वळून पंखाच्या पुढच्या कडेला रुंद भिडतो. फोटो असेल तर तुमच्या काउंटीच्या मॉथ रेकॉर्डरला पाठवा, प्रत्येक काउंटीला असा एक माणूस असतो, फुकट काम करतो आणि रात्री दोन वाजता पण उत्तर देतो.

पानगळ
फोटो बघितला. टोकालाच संपतोय. प्रसिद्धी हुकली.

रांगोळी_यॉर्क
सगळ्यांचे मनापासून धन्स, आजींना अर्धा धागा इंग्रजीत वाचून दाखवला. मेंढीच्या ओठांचा प्रतिसाद त्यांना इतका आवडला की त्यांनी दोनदा वाचायला लावला, आणि टसरचा ऐन छाटतात ते ऐकून म्हणाल्या की मग आपण पण विलो छाटून बघू, एका कोपऱ्यात.

माझं आता असं ठरतंय. मेंढ्या काढा असं बोलणार नाही. विलोचे तुकडे आलटून पालटून बंद करा, बंद तुकडे एकमेकांच्या जवळ ठेवा कारण मादी लांब जात नाही, आत बर्च काढायला वर्षातून काही रविवार गावाने यायचं, आणि मेंढपाळाच्या गवताची भरपाई कशी होणार ते लिहून घ्या. शेरलॉकवहिनी, मेंढपाळाला फोन केला, येतो म्हणालाय, पण त्याचं म्हणणं आहे की कुत्री मोकळी सोडणाऱ्यांना आधी आवरा, मग माझ्या मेंढ्यांबद्दल बोला. त्याचं पण चूक नाही. मागच्या वसंतात त्याची दोन कोकरं कुत्र्यांनी मारली.

पेठेतला
मेंढपाळ शहाणा आहे. त्यालाच अध्यक्ष करा.

टवाळ
पेठेतल्या काकांनी पहिल्यांदाच कोणाला तरी शहाणं म्हटलंय, मॉडरेटर, धागा वर पिन करा.

कोसा_भंडारा
रांगोळीताई, छाटणी करणार असाल तर अंडी घातलेल्या काटक्या छाटू नका हां, थंडीत त्यातच अंडी असतात असं निशाचर वर म्हणालेत. आमच्याकडे छाटणी अळ्या झाडावर नसताना करतात.

निशाचर
कोसा, इथे तेच अवघड आहे, कारण या मॉथचं असं रिकामं पंधरवड्याचं अंतर जवळपास नाहीच. अंडी, अळी काटकीवर, मग कोष, मग परत अंडी. त्यातल्या त्यात कोष आणि उडण्याच्या काळात, जून-जुलैच्या आसपास, काटकीवर काही नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पण तेव्हा माळावर जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात आणि तेव्हाच छाटली तर मादी अंडी कुठे घालणार? म्हणून छाटायचं तर आधी नीट शोधून अंडी-अळी नसलेल्या झुडपांपैकी मोजकीच, आणि तीही ट्रस्टला विचारून. आजींना सांगा, कात्री घेऊन एकट्या जाऊ नका.

रांगोळी_यॉर्क
सांगितलं. कात्री गाडीच्या डिकीत ठेवलीये म्हणाल्या, परवानगीची वाट बघत.

माळावरचा
बैठकीत काय झालं ते इथंच लिहा ताई, आणि मेंढपाळ काय बोलला ते शब्दाला शब्द. गिरिपुष्पाचा धागा काढलाय, तिकडं या सगळे.